पहिली काळी शी किती वाजता झाली, ते कार्डावर लिहा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पारोळा तालुक्यातली एक आई. बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी "अंगावर पितो ना?" एवढे विचारून आम्हाला घरी सोडले. पीत होता. पण त्याला जन्मानंतरची पहिली काळी, चिकट शी झालीच नव्हती. मी पहिलटकरीण, मला काय ठाऊक! पाचव्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, "पोरनं पोट फुगी गयं." पोट नगाऱ्यासारखे ताणलेले, वर निळ्या शिरा, आणि उलटी हिरवीगार. दोन ठिकाणी गॅस म्हणून थेंब दिले. अकराव्या दिवशी लहान मुलांचे सर्जन भेटले, तेही नाशिकला.

हर्शस्प्रंगचा आजार. हर्शस्प्रंग हे डॅनिश डॉक्टर; त्यांनी तो 1886 मध्ये मांडला. आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतात, तो भाग सैल पडत नाही, शी पुढे सरकत नाही. साधारण 5000 जन्मांत एक बाळ असे असते. त्यात आईच्या खाण्यापिण्याचा दोष नसतो, हे आमच्या गावात मला अजून सांगावे लागते. बिघडलेला भाग काढून चांगले आतडे खाली जोडले की बहुतेक मुले बरी होतात. उशीर झाला तर आतड्याला सूज येऊन जीव जातो.

माझ्या लेकाच्या पोटावर ऑपरेशनने छिद्र करून आतडे बाहेर काढले होते; आठ महिने शी तिथूनच यायची. पिशवीने कातडी सोलायची, म्हणून सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या मऊ घड्या बांधायचो. दिवसाला पंधरा-वीस.

साहेब, प्रसूतीनंतर 48 तास दवाखान्यात ठेवायचे, असे आपलेच धोरण आहे. पूर्ण दिवसांच्या जवळजवळ सगळ्या बाळांना तेवढ्यात पहिली शी होते. नाही झाली म्हणजे हाच आजार असे नव्हे, पण तपासल्याशिवाय सोडू नये. आमच्या कार्डावर वजन होते, लस होती. शीची वेळ नव्हती. तो एक रकाना छापा. तिसऱ्या दिवशी घरी येणाऱ्या आशाताईंनाही तेच विचारायला सांगा. आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जन्मदोषांच्या यादीत दुभंगलेला ओठ आहे, वाकडे पाऊल आहे, हा आजार नाही. तो घालण्यासाठी केंद्राकडे शब्द टाका.

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून नाशिक आमच्यापेक्षाही कितीतरी लांब आहे. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. निदान एका ठिकाणी तरी लहान मुलांचा सर्जन कायम असू द्या.

आपली,
एक आई, जि. जळगाव