वाडीच्या जुन्या कागदपत्रांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

'कर' लावलेल्या आडनावांची रीत अशी की आधी गाव, मग आडनाव. आपल्याकडे उलटं घडलं. आधी आडनाव आलं आणि त्यावरून गाव झालं. १९१० साली इथल्या स्टेशनाची पाटी 'कुंडल रोड' अशी होती; पुढे तीही बदलून 'किर्लोस्करवाडी' झाली. (यावरून कुंडलच्या पाहुण्यांनी चिमटा काढला तर ऐकून घ्यावं, हक्क त्यांचा आहे.)

बेळगावातली कारखान्याची जागा नगरपालिकेला हवी झाली, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांवर बिऱ्हाड हलवायची पाळी आली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातला ३२ एकर माळ आणि वर १०,००० रुपयांचं कर्ज दिलं. माळ म्हणजे नुसता फड्या निवडुंग, दगड आणि साप. रेल्वे लगत होती, एवढीच काय ती सोय. निवडुंग तोडून झोपड्या उभ्या राहिल्या, मग नांगरांचा कारखाना, आणि बघता बघता आपण सगळे जिला नुसतं 'वाडी' म्हणतो ती वस्ती.

हा इतिहास छापलेला आहे. पण तो बहुतेक कारखान्याचा आहे. रात्रीच्या पहाऱ्यावर तुरुंगवास भोगून आलेला तुकाराम रामोशी होता, ही गोष्ट अजून सांगितली जाते. मात्र निवडुंगावर कोयता चालवणारे कोण होते? पहिल्या झोपड्यांत चूल कुणी पेटवली, पाणी कुठून आणलं, पलूस, कुंडल, बुर्लीहून कोण चालत कामाला यायचं? ही नावं कुठल्याही पुस्तकात सापडायची नाहीत. सापडली तर तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत.

म्हणून वाचनालयाच्या कार्यकारिणीची विनंती आहे. आजोबा-पणजोबांचं हजेरीचं कार्ड, पगाराची पावती, शाळेचा दाखला, कारखान्याच्या फाटकासमोरचा फोटो, 'किर्लोस्कर खबर'चे १९२० पासूनचे सुटे अंक, जुनं पत्र, जे असेल ते घेऊन या. फाटलेलं असलं तरी चालेल. आम्ही तुमच्यासमोर स्कॅन करून मूळ कागद त्याच हाती परत देऊ. ठेवून घेणार नाही. जुना लोखंडी नांगर कुणाच्या गोठ्यात पडला असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा आम्हाला सांगा.

घाई अशासाठी की २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या घरांतली कपाटंच्या कपाटं चिखलात गेली. आणि ज्यांना आठवतं ती माणसंही थकत चालली आहेत. कॉलेजातल्या मुलामुलींनी मोबाईलवर त्यांच्या आठवणी रेकॉर्ड कराव्यात. प्रश्न काय विचारायचे ते आम्ही लिहून देऊ, पण खरं तर गप्प बसून ऐकलं तरी पुष्कळ.

पैशांचंही बोलायलाच हवं. एक चांगला स्कॅनर, दोन लोखंडी कपाटं आणि फोटोंसाठी प्लास्टिकचे अल्बम घ्यायचे आहेत. वर्गणी ऐपतीप्रमाणे द्यावी. पावती मिळेल, आणि हिशेब दर महिन्याला फळ्यावर लागेल. पुण्या-मुंबईला गेलेल्या वाडीकरांनी पैसे पाठवावेतच, पण जमलं तर सुट्टीला येताना ट्रंकही उघडून बघावी.

वाचनालय सोमवार सोडून रोज संध्याकाळी ५ ते ८ उघडं असतं. कागद प्लास्टिकच्या पिशवीत न कोंबता वर्तमानपत्रात सपाट गुंडाळून आणावेत.

आपले,
अध्यक्ष व कार्यकारिणी, सार्वजनिक वाचनालय