कुलूप लावलेल्या घरांची कुत्री

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गावोगाव भटक्या कुत्र्यांचा सुळसुळाट झाल्याची बातमी आपल्या पेपरात गेल्या आठवड्यात आली होती. बातमी खोटी नाही. संध्याकाळी शिकवणीवरून येणाऱ्या पोरींच्या अंगावर कुत्री धावतात, हे मी दुकानाच्या ओट्यावरून बघते. पण बातमीत ज्यांना सरसकट भटकी म्हटलंय, त्यातली आमच्या गावातली पुष्कळशी कुणाच्या घरची आहेत ते मी नावानिशी सांगू शकते. म्हणून हे पत्र.

धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावात माझं किराणा दुकान आहे. दसरा झाला की आमच्याकडं ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या लागतात. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, निघतात, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. ज्वारीचं पोतं, भांडी, सरपण, शेळी, कोंबड्यांचं डालगं, तान्हं लेकरू, सगळं ट्रॉलीत चढतं. कुत्रंही उडी मारून चढतं, पण त्याला खाली उतरवतात. बैलगाडीवाल्यांचं एक बरं असतं, त्यांची कुत्री बैलांसोबत जातात. बाकीच्यांना नेता येत नाही. काहीजण मुद्दाम नेत नाहीत, कारण तिकडं उसात बिबट्या असतो आणि कोपीबाहेर, म्हणजे फडावरच्या झोपडीबाहेर, बांधलेलं कुत्रं तो आधी उचलतो. मग गाव पार होईपर्यंत कुत्रं ट्रॅक्टरमागं पळतं आणि जीभ बाहेर काढून परत येतं. मागं राहतात म्हातारी माणसं, कुलपं आणि ही कुत्री.

माझ्या उधारीच्या वहीत कुत्र्यांची खाती आहेत. हसू नका. मोत्याच्या नावाचं एक पान आहे. त्यावर बिस्किटाचे पुडे, कधी दुधाची पिशवी आणि आठवड्याला ज्वारीचं पीठ मांडलेलं असतं. पिठाच्या भाकरी मीच थापते, कारण मोत्याच्या घरी मागं राहिलेल्या आजीला आता दिसत नाही. पैसे कर्नाटकातून फोनपेवर येतात. मोत्याची मालकीण तिकडं पहाटे उठून ऊस तोडते, अंगावर मुकादमाची उचल फिटायची आहे, पण कुत्र्याची उधारी महिन्याच्या महिन्याला चुकती करते. माणसांची उधारी अशी वेळेवर आली असती तर मी दुकानावर केव्हाच स्लॅब टाकला असता.

तिचा पोरगा अधूनमधून व्हिडिओ कॉल करतो. "काकू, मोत्याला दाखव." मोत्याला मोबाईलमधलं चित्र कळत नाही, आवाज बरोबर कळतो. तो कान टवकारतो, मोबाईलच्या मागच्या बाजूला नाक लावतो, मग दुकानामागच्या बोळात जाऊन बघून येतो. बोळात कुणी नाही म्हटल्यावर परत मोबाईलकडं. तिकडं पोरगं खिदळत असतं आणि त्याची आई मागून ओरडते, "ठेव आता, मोळ्या बांधायच्यात."

सगळ्या कुत्र्यांचं असं खातं नसतं. ज्यांच्या घराला नुसतंच कुलूप आहे ती थोडे दिवस दारातच बसून राहतात. मग पोट त्यांना तिथून उठवतं आणि चिकनच्या दुकानामागं, हमरस्त्यावरच्या ढाब्याकडं नेतं. तिथं दुसरी कुत्री असतातच. दिवाळीत दारात राखण करणारं कुत्रं पौषापर्यंत टोळक्यात शिरलेलं असतं. त्यात पावसाळा सरताना माजावर आलेल्या कुत्र्यांना ऐन थंडीत पिल्लं होतात, आणि पिल्लांजवळून कुणी गेलं की आई अंगावर येणारच. बातमीतला सुळसुळाट तो हाच.

सरकारच्या कागदावरही हेच होत असावं. २१ वी पशुगणना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि हिवाळाभर चालली. पाळीव कुत्री त्यात घरागणिक मोजतात आणि भटकी वेगळी. आता जे घरच बंद आहे, त्याचं कुत्रं कुणाच्या नावावर लागणार?

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावात रेबीजची लस द्यायला माणसं आली होती. चांगली माणसं होती, डबा लांब ठेवून दुपारपर्यंत राबली. लस होती, सुया होत्या, फक्त कुत्रं हाताला लागत नव्हतं. जाळी बघितली की शेतात पसार. मोत्याला मी रोज भाकर घालते, पण त्यानं मलाही गळपट्ट्याला हात लावू दिला नाही. हाच मोत्या त्या पोराच्या मांडीवर पाय वर करून पडतो, पोरगं त्याच्या तोंडात हात घालून हाड काढून घेतं, कानातली गोचीड उपटतं, तरी तो हूं की चूं करत नाही. पोरानं धरलं असतं तर लस चहा निवायच्या आत झाली असती.

माझं म्हणणं एवढंच आहे. लस देणारं खातं आहे, गावागावात कुत्र्यावर जीव लावणारी माणसं आहेत, दोघांची गाठ मात्र पडत नाही. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो आणि त्या दिवशी ठिकठिकाणी फुकट लसीकरण होतं. तारीख आमच्यासाठी अगदी सोयीची आहे, कारण तेव्हा कोयते गावातच असतात. अडचण जागेची आहे. तालुक्याच्या दवाखान्यात या म्हणतात. मोटारसायकलवर कुत्रं घेऊन घाट उतरून कोण जाईल? त्या आठवड्यात डॉक्टरांनाच वाड्या-तांड्यांवर पाठवा. तीन महिन्यांच्या पुढची पिल्लं आणि मोठी कुत्री पोरं स्वतः धरून आणतील. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस झाली की रेबीजची साखळी तुटते, असं पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनीच मला सांगितलं. तो आकडा जानेवारीत जाळी घेऊन आमच्याकडं कधीच गाठता यायचा नाही. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना आठ दिवस या कामाला लावलं तर त्यांचाही हात बसेल.

कुत्री टेम्पोत भरून घाटात सोडा म्हणणारेही गावात आहेत. शेजारच्या एका गावानं तसं केलं, ती कुत्री आमच्याकडं आली. नसबंदी आणि लस करून होती तिथंच सोडायची, असा २०२३ चा नियम आहे आणि ती जबाबदारी ग्रामपंचायतीवरही येते. पण आमच्या ग्रामपंचायतीला दिव्यांचं बिल भरायला पैसे नसतात, तिथं नसबंदीचं नाव कोण काढणार. त्यासाठी वेगळा निधीच लागेल.

चावल्यावर जखमेत मिरचीची पूड किंवा चुना भरायची पद्धत आमच्याकडं अजून आहे, तेवढी कृपा करून सोडा. साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली जखम धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठून इंजेक्शनं सुरू करायची. साबण नसेल तर माझ्याकडून घेऊन जा, उधारीवर देते.

कुत्र्याची माया मराठवाड्याला नवी नाही. नर्सीचे नामदेव महाराज भाकर पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट सप्त्यात आम्ही डोळे पुसत ऐकतो आणि पंगतीत उष्ट्याला आलेल्या कुत्र्याला दगड मारतो. खंडोबाच्या पायाशी कुत्रं आहे म्हणून त्यालाही हळदकुंकू लावतो. आमच्या बीड पोलिसांच्या रॉकी नावाच्या कुत्र्यानं तीनशेच्या वर गुन्ह्यांच्या तपासात मदत केली होती. तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानानं निरोप दिला आणि ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचं नाव घेतलं. मोत्याला कुणी तसला मान द्यावा असं मी म्हणत नाही. वर्षातून एक सुई, ती त्याचं माणूस जवळ असताना, एवढं झालं तरी पुरे.

पुढच्या सप्टेंबरात आमच्या तालुक्यातल्या लसीकरणाच्या तारखा आपल्या पेपरात गावांच्या नावांसह चार दिवस आधी छापाव्यात, ही विनंती. मी तो कागद दुकानाच्या फळीवर चिकटवीन आणि उचल घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला वाचून दाखवीन. कुत्री बांधायला दोरखंड लागला तर तो दुकानात आहेच, त्याचे पैसे मी लावणार नाही.

आपली वाचक,
एक किराणा दुकानदार
(ता. धारूर, जि. बीड)