दोन बोटं माया

आदरणीय मास्तर,
सप्रेम नमस्कार.

परवा बाजाराला आलो तर तुमच्या शिलाईच्या दुकानाच्या फळ्या लागलेल्या. शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं, मास्तर सेवाग्रामला आहेत, मोतीबिंदू काढला. तसं काळजीचं काही नाही म्हणाला. पण मी पिशवी हातात धरून त्या बंद फळ्यांसमोर उगाच उभा राहिलो. ह्या माणसाचे आपण एकदाही धड आभार मानले नाहीत, हेच डोक्यात येत होतं. साडेतीन वर्षं होऊन गेली. दरवेळी येतो, चहा पितो, पावसाचं अन् कापसाचं बोलतो, निघून जातो.

म्हणून हे पत्र. नातवाकडून वाचून घ्या, डोळ्यांना ताण देऊ नका. ते बंद पाकिटात न घालता सगळ्यांसमोर लिहितो आहे, त्याला कारण आहे. आमचं नवराबायकोचं मोडलं तेव्हा ते सगळ्यांसमोरच मोडलं होतं.

काय झालं होतं ते थोडक्यात सांगतो. चूक माझी होती, आणि आपली चूक लांबवून सांगितली की ती सफाई दिल्यासारखी वाटते. 2017 साली गुलाबी बोंडअळी आली. त्याच हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता माणसं मेली. आमच्या घरचं कोणी गेलं नाही, गेला तो कापूस. हमीभाव 4,320 रुपये होता म्हणतात, पण बोंडातच किडलेल्या कापसाला कसला आला भाव? पुढच्या पेरणीला पैसे हवे होते. मी हिची सोन्याची पोत गहाण टाकली. हिला न विचारता. कुणाच्या तरी लग्नाला जायच्या दिवशी हिनं डबा उघडला, तेव्हा कळलं. त्यावर मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिच्या बापाचं नाव घेऊन बोललो, एवढंच सांगतो. "हात मात्र कधी उचलला नाही," हे मी पुढं कितीतरी दिवस मोठेपणानं सांगत फिरलो. जसं काही हात न उचलणं हाच नवऱ्याचा सगळा धर्म.

त्यानंतरही ती वर्षभर राहिली. 2019 च्या दिवाळीला चार वर्षांच्या लेकीला घेऊन माहेरी गेली ती आली नाही. माहेर तरी किती लांब, वर्धा नदीचा पूल ओलांडला की हिंगणघाटची बाजू. मला तो पूल अडीच वर्षं ओलांडता आला नाही.

मधल्या काळात मदत करणारे खूप भेटले, मास्तर. पहिली बैठक मारुतीच्या पारावर झाली. चौदा माणसं आणि ती एकटी. "नांदायचं का नाई, हो का नाई ते सांग." तिनं तोंड उघडलं की कोणीतरी म्हणे, "मोठ्या माणसाइच्या मधात बोलू नोको बाई." म्हणजे उत्तर द्यायचं, पण बोलायचं नाही. आमच्या गावाच्या वेशीवर तंटामुक्त गावाची पाटी आहे. त्या दिवशी ती आणि तिचे वडील त्याच पाटीखालून परत गेले. मग एका कचेरीत समुपदेशन झालं. तिथल्या बाईंनी पूर्ण फॉर्म भरून होईपर्यंत आमच्यापैकी एकाकडंही मान वर करून पाहिलं नाही. 'कारण' ह्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'किरकोळ वाद'. माझा चुलतभाऊ म्हणे, दुसरी पाहू. तिचा भाऊ म्हणे, आकडा सांगा. वकिलांना नावं ठेवत नाही. त्यांनी कलम 13-ब समजावून सांगितलं, परस्पर संमतीनं घटस्फोटाचा अर्ज लिहिला, दोघांच्या सह्या घेतल्या. आता सहा महिने थांबायचं, मग दुसऱ्या तारखेला येऊन पुन्हा 'हो' म्हणायचं, सुटले.

हे सगळे भेटले की एकच विचारायचे, "मग काय ठरवलं?" 

ह्या सहा महिन्यांत, 2022 च्या फेब्रुवारीत, मी तुमच्याकडं आलो. एसटीचा संप चालू होता, तालुक्याला यायचं तर काळी-पिवळी नाहीतर कोणाच्या गाडीच्या मागं. कापूस दहा हजारांवर गेला होता. घरात राहिलेले सहा क्विंटल मी जिनिंगवर घातले आणि खिसा भरून बाहेर पडलो. कापूस गेला तेव्हा बायको होती, भाव आला तेव्हा पैसे मोजायला घरात कोणी नाही. (हे वाक्य मी तेव्हा जुळवून ठेवलं होतं आणि चार जणांना ऐकवलंही होतं. माणूस दुःखातसुद्धा किती नटतो.) पँटची चेन गेली होती म्हणून तुमच्या दुकानाची पायरी चढलो, एवढंच.

तुम्ही पँट घेतली, चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, आणि स्टूल ओढून वरच्या फळीवर हात घातला. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, धूळ झटकली.

"हे घेऊन जाय. तिचं हाय."

चिंतामणी रंगाचं ब्लाऊज. तिच्या आईनं दिलेल्या साडीवरचं. पावतीला त्याच कापडाची चिंधी टाचलेली, आणि पावतीवर तुमच्या अक्षरात तिचं नाव, पुढं माझं नाव.

"पोळ्याच्या आधी टाकलं होतं तिनं," तुम्ही म्हणालात. कोणत्या पोळ्याच्या, ते काही बोलला नाहीत. मधे दोन पोळे बैल न सजवताच गेले होते.

मी विचारलं, किती झाले. तुम्ही म्हणालात, "एकशे ऐंशी. पन तुह्याकून नाई घेत. माप तिचं हाय, पैसेबी तिच्याकूनच घेईन." आणि मशीनवर बसता बसता, "तिले सांगजो, दोन्ही बाजूनं दोन दोन बोटं माया ठेवली हाय. आंगाले घट्ट होत असन त घेऊन येजो. उसवून देतो."

बस. नांदते का, येणार का, कोर्टात कुठवर आलं, काही विचारलं नाही. सगळ्या तालुक्याला आमची गोष्ट पाठ होती, तुम्हाला नसेल असं नाही. पण तुम्ही तिच्याबद्दल असे बोललात, जशी ती राखीला माहेरी गेली आहे आणि येत्या आठवड्यात यायची आहे. 'होतं' नाही म्हणालात, 'तिचं हाय' म्हणालात. अडीच वर्षांत तिचं काहीतरी ह्या बाजूला आहे असं म्हणणारे तुम्ही पहिले. आणि ते 'घेऊन येजो' ब्लाऊजसाठी होतं का तिच्यासाठी, हे मी अजून तुम्हाला विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

शिवणीतली माया म्हणजे काय हे मला तेव्हा धड ठाऊकही नव्हतं. रात्री मायला विचारलं. सासू-सुनेचं काही फार बरं नव्हतं, तुम्हाला माहीत आहे. मायनं ब्लाऊज उलटं केलं, कंदिलाजवळ धरावं तसं बल्बखाली धरलं, आत दुमडलेली पट्टी अंगठ्यानं दाबून दाखवली. "हे. जास्तीचं कापड. कापून टाकलं त जागा राह्यत नाई, मंग ते कपडा फेकाच लागते." पुढं काही बोलली नाही. सकाळी पाहतो तर ब्लाऊज नव्या पिशवीत, वर हळदकुंकवाच्या दोन पुड्या.

तरी मला आठ दिवस लागले. पिशवी खुंटीला टांगलेली, मी येता-जाता पाहतो. मग एक दिवस मित्राची गाडी घेतली आणि पूल ओलांडला. अंगणात मामाजी बसलेले. मला पाहून उठले नाहीत. म्हणाले, "जवाई, तारीख त जूनमधी हाय." मी पिशवी पुढं केली. "मास्तरनं ब्लाऊज देलं."

ती बाहेर आली. बोलली नाही. उभ्यानंच ब्लाऊज उलटं केलं आणि मायनं फिरवला तसाच अंगठा शिवणीवरून फिरवला. मग विचारलं, "शिलाई देली?"

"नाई घेतली. म्हने तिच्याकूनच घेईन."

"मले उधारी ठेवाची सवय नाई," ती म्हणाली. टोमणा कुठं होता ते मला कळलं, मामाजींनाही कळलं. पण पुढच्या बाजारच्या दिवशी ती भावाच्या गाडीवर तुमच्या दुकानात आली, 180 रुपये तुमच्या मशीनवर ठेवले, आणि ब्लाऊज उसवायला दिलं.

तुम्ही आम्हाला समोरच्या बाकावर बसवलंत. पात्यानं टाके काढायला असा किती वेळ लागतो? तुम्हाला पाऊण तास लागला. त्यातला निम्मा वेळ मशीन नुसत्या चिंधीवर चालत होती, असं हिचं म्हणणं आहे. मला काही दिसलं नाही, मी खाली पाहत होतो. मशीनच्या आवाजात आमचं बोलणं कोणाला ऐकू गेलं नाही एवढं खरं. काय बोललो ते इथं लिहीत नाही. तिच्या अटी मात्र लिहितो, त्या लपवण्यासारख्या नाहीत. आधी पोत सोडवायची. पासबुक दोघांच्या नावाचं. आणि सातबाऱ्यावर तिचं नाव.

शेवटच्या अटीवर मी जरा अडखळलो. माझे वडील लाल बिल्ल्याचे शेतकरी संघटनेवाले. शरद जोशींचं लक्ष्मीमुक्तीचं भाषण ऐकून घरी आले, आठ दिवस गावभर सांगत होते की जमीन बायकोच्या नावानं केली पाहिजे. आमच्या मायच्या नावावर एक गुंठा झाला नाही. मी ते तिला सांगितलं तेव्हा ती अडीच वर्षांत पहिल्यांदा हसली. "मंग बापाचं राह्यलेलं तू कर," म्हणाली.

जूनच्या तारखेला आम्ही दोघं गेलो आणि साहेबांना सांगितलं, अर्ज चालवायचा नाही. मृग लागला होता. कोर्टातून निघून सरळ बियाण्याच्या दुकानात गेलो, बिल तिनं तपासलं.

आता सगळं गोड झालं असं समजू नका. गेल्याच आठवड्यात तुरीच्या फवारणीवरून दोन दिवस अबोला होता. माय आणि ती अजून एकमेकींशी लेकीच्या मार्फत बोलतात. पण घर भरलेलं आहे.

मला सारखं आठवतं ते तुमच्या भिंतीवरचं पाटीचं वाक्य, '15 दिवसांत कपडे न नेल्यास आम्ही जबाबदार नाही'. ती पाटी तुम्ही लावली, आणि त्याच पाटीच्या वर, त्याच फळीवर, परक्या बाईचं ब्लाऊज दोन पावसाळे सांभाळलं. दुकान गळायचं तेव्हा. लॉकडाऊनमध्ये तुम्ही मास्क शिवून दिवस काढले, कापडाचा तुकडा मिळत नव्हता, तरी ते तसंच राहिलं. आपल्याकडं मदतीला येणारा माणूस आधी खुर्ची मागतो, मग माईक. गावात असा एखादा शिंपी, एखादा पोस्टमन, एखादी अंगणवाडीतली बाई असते, जी आपलं काम नीट करते आणि तोंड बंद ठेवते. त्यांच्या जोरावर आमच्यासारख्यांचे संसार चालतात, आणि सत्काराला शाल मात्र पारावरच्या चौदा जणांना मिळते.

ही म्हणते, डॉक्टर सांगतील तोवर मशीनवर बसू नका, आणि डोळ्याला पाणी लागू देऊ नका. सांबारवडी केली आहे, लेकीला घेऊन रविवारी घरी येतो आहोत. लेक आता दहा वर्षांची आहे. तिला तुमचा मापाचा टेप पाहिजे आहे. देऊ नका, ती बैलाचं माप घेत बसते.

आणि मास्तर, त्या दिवशी चेन बसवायला टाकलेली माझी पँट अजून तुमच्याकडंच आहे. घाई नाही.

तुमचा,
नदीकाठचा एक शेतकरी