मोजक्या सुरांची गाणी रडकी नसतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हल्लीची मुले कानाला हेडफोन लावून ऐकतात ती ‘इंडी’ गाणी, म्हणजे मोठ्या संगीत कंपन्यांच्या चाकोरीबाहेर स्वतंत्रपणे केलेली गाणी, रडकी असतात, त्यांत वाद्ये नाहीत की चाल नाही, नुसती कुजबुज आहे, अशी तक्रार माझ्या पिढीची माणसे नेहमी करतात. मीही ती करत असे. एका रात्री वीज गेलेली असताना मुलीने तिच्या फोनवर अशी काही गाणी ऐकवली आणि माझे मत बदलले.

ज्या नाशिकच्या नावाने ढोल देशभर ओळखला जातो, तिथल्या माणसाला मोठ्या आवाजाचे वावडे नसते. मिरवणुकीत पहिला ठोका पडला की माझीही पावले थबकतात. ढोल आपल्याला ओढून घेतो. ही गाणी मात्र आपण जवळ जाऊन बसण्याची वाट पाहतात. अमेरिकेतील डुलुथ या थंड गावात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘लो’ या बँडमध्ये मिमी पार्कर उभ्या राहून एखाद-दोन ड्रम आणि एक झांज एवढ्यावरच ताल धरीत आणि गातही असत. समोरचे श्रोते गोंगाट करू लागले की हा बँड आपला आवाज वाढवण्याऐवजी आणखी कमी करी, हे वाचून मला फार आदर वाटला. लंडनच्या ‘द एक्सएक्स’ या तेव्हा तरुण असलेल्या बँडच्या अशाच मितभाषी पहिल्या अल्बमला २०१० चा मर्क्युरी पुरस्कार, म्हणजे ब्रिटनमधला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा मान, मिळाला, तेव्हा ही आवड चार एकलकोंड्या मुलांपुरती आहे असेही म्हणता येत नाही.

वाद्ये कमी झाली की गाणे रिकामे होते, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गाणाऱ्याचा श्वास, तारेवरून बोट सरकल्याची खरखर, दोन ओळींमधला थांबा हे सारे तेव्हाच ऐकू येते. माझी आजी पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची, तेव्हा साथीला जात्याच्या घरघरीखेरीज काही नसे, आणि माहेरच्या आठवणीची ओवी आली की तिचा आवाज चढत नसे, उलट खाली येई. अंथरुणात पडल्या पडल्या ते ऐकताना मला कधी खिन्न वाटले नाही. कुणीतरी जागे आहे, या भावनेने उबदारच वाटे. मुलीच्या फोनवरच्या परक्या भाषेतील त्या गाण्यांमुळे मला नेमके तेच आठवले.

आपल्या नाशिकमध्ये मराठीत अशी गाणी लिहिणारी मुले असतील, तर त्यांना मोठा रंगमंच आणि भिंतीएवढे स्पीकर नकोत. कुसुमाग्रज स्मारकासारख्या ठिकाणी एखाद्या संध्याकाळी पन्नास-साठ माणसे सतरंजीवर बसतील, एक गिटार आणि एक मायक्रोफोन असेल, फोन बंद असतील, एवढे पुरेल. आपल्या दैनिकाने पुढाकार घेऊन अशी बैठक भरवावी, ही विनंती. सतरंज्या घालायला मी आणि माझी मुलगी वेळेआधी येऊ.

आपली नम्र,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक