कनेक्शन म्हणजे नेमकं कुठपर्यंत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरात इंटरनेट प्लॅनच्या जाहिराती पानभर येतात, पण त्या प्लॅनच्या मागे जो करार असतो (आता सही पण नसते म्हणा, मोबाईलवर ओटीपी आला की टाकायचा, झालं) त्यातल्या शब्दांबद्दल कोणीच काही लिहीत नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, कापलंत तरी चालेल पण लाल दिव्याचा भाग तेवढा ठेवा.

तर झालं असं की एका सकाळी घरातल्या फायबरच्या डब्यावरचा एलओएस लिहिलेला दिवा लाल होऊन लुकलुकायला लागला. एलओएस म्हणजे लॉस ऑफ सिग्नल, वायरीतून प्रकाशच येत नाहीये. तक्रार केली, दुसऱ्या दिवशी टेक्निशियन मुलगा आला, त्याने जिन्यातल्या पेटीत प्रकाशाची ताकद मोजणारा मीटर लावला, -१९ डीबीएम आलं (आकडा जितका उणे तितका प्रकाश कमी), म्हणाला ओके आहे. मग घरात येऊन डब्याची वायर काढून मीटरला लावली तर -३१. हे डबे साधारण -२७ पर्यंत तग धरतात, त्याच्या खाली गेलं की आंधळे. कपाट सरकवलं तर मागे ती बारीक पिवळी वायर काटकोनात दुमडून बसलेली. काचेचा तंतू आहे तो, जास्त वाकवला की प्रकाश बाहेर सांडतो. मुलगा चांगला होता हो, शांतपणे म्हणाला, "काका, पेटीपर्यंत आपलं कनेक्शन चालूच आहे, पुढची वायर तुमची, तिचे पैसे पडतील."

आता गंमत बघा, वायर त्यांच्याच माणसाने ओढली, डबा त्यांचा, डब्याच्या पोटावर स्टिकर आहे की ही कंपनीची मालमत्ता, आणि मधली दहा-बारा मीटर वायर तेवढी माझी! रात्री करार काढून वाचला. पहिल्याच पानावर व्याख्या आहेत, 'ग्राहक' म्हणजे कोण, 'शुल्क' म्हणजे काय, 'विलंब आकार' म्हणजे काय, तो तर अगदी दिवस मोजून. 'कनेक्शन' हा शब्द पुढे २३ वेळा येतो (पेन्सिलने खुणा केल्या मी), व्याख्या एकदाही नाही. एका ठिकाणी फक्त 'ग्राहकाच्या जागेपर्यंत सेवा पुरवली जाईल' असं आहे. जागा म्हणजे गेट, जिना, दार की टेबलावरचा डबा?

विजेचं बघा ना, मीटरच्या अलीकडचं त्यांचं पलीकडचं आपलं, हे शाळेतलं पोरगं पण सांगेल. टेलिकॉममध्ये पण या हद्दीला नाव आहे, नेटवर्क टर्मिनेशन पॉइंट, म्हणजे जिथे कंपनीचं जाळं संपतं तो बिंदू. युरोपातल्या नियामकांच्या मंडळाने २०२० साली यावर मार्गदर्शक सूचनाच काढल्या, त्यात तीन शक्यता धरल्यात: हद्द भिंतीवरच्या सॉकेटला, किंवा मोडेमनंतर, किंवा राउटरनंतर. तिन्हीत बिघाड कोणाचा, दुरुस्ती कोणाची आणि स्वतःचा राउटर लावता येईल का, याची उत्तरं वेगळी. आमच्या करारात त्या तीनपैकी एकही नाही, चौथीच निघाली, जिन्यातली पेटी, आणि तीसुद्धा टेक्निशियनच्या तोंडून.

दुसरा शब्द 'चालू'. करारात ९९.५ टक्के उपलब्धतेची हमी आहे, वाचायला कसं भारी वाटतं. पण टक्के कशाचे? महिन्याचे धरले तर ७२० तासांपैकी ३.६ तास बंद चालतं, वर्षाचे धरले तर जवळजवळ ४४ तास, म्हणजे अख्खे पावणेदोन दिवस सलग नेट गेलं तरी हमी शाबूत! आमच्यात 'महिना' पण लिहिलेलं नाही आणि 'वर्ष' पण नाही. शिवाय बंद कधीपासून मोजायचं, लाइन गेली तेव्हापासून की तक्रार नोंदवली तेव्हापासून? त्यांचं घड्याळ तक्रारीपासून सुरू होतं असं कॉल सेंटरने सांगितलं. आणि संध्याकाळी 'तुमची तक्रार सोडवली आहे' असा मेसेज आला, दिवा लालच, मी परत तक्रार टाकली की घड्याळ परत शून्यावर.

त्याच्या आधी एकदा तर वेगळाच प्रकार, दिवे सगळे हिरवे पण एकही साइट उघडेना. कस्टमर केअर म्हणे आमच्या सिस्टिममध्ये तुमचं कनेक्शन चालू दिसतंय. खरंच दिसत असणार, डबा त्यांच्या यंत्राशी बोलत होता, फक्त त्यांचा डीएनएस झोपला होता, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा. त्यांच्या लेखी 'चालू' म्हणजे डबा हजेरी देतोय, आमच्या लेखी 'चालू' म्हणजे पान उघडतंय. ते तीन तास कुठेच मोजले गेले नाहीत.

स्पीडबद्दल सगळे बोलतातच त्यामुळे थोडक्यात. 'अपटू १००' मधलं १०० हे मेगाबिट, फाइल डाउनलोड होताना दिसतं ते मेगाबाइट, आठाने भागा, १२.५ येतील. ही फसवणूक नाही, पण करारात एक ओळ लिहायला काय जातं? खरा मुद्दा 'अपटू'चा आहे, ती वरची मर्यादा झाली, खालची कुठे आहे? घरगुती फायबरमध्ये एकाच तंतूवर ३२ किंवा ६४ घरं वाटून घेतात, त्यामुळे रात्री सगळे बसले की स्पीड उतरणार, हे समजण्यासारखं आहे. पण युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमानुसार घरच्या लाइनच्या करारात किमान, एरवी मिळणारा, कमाल आणि जाहिरातीतला असे चार वेगवेगळे आकडे लिहावे लागतात. म्हणजे लिहिता येतात. आपल्याला चारातला एकच दाखवतात, तो कुठला ते वेगळं सांगायला नको.

आणि 'इंटरनेट' हा शब्द तरी! बाहेरून घरचा कॅमेरा बघायचा प्रयत्न केला तर दिसेना, मित्राने राउटरमधला वॅनचा पत्ता (म्हणजे कंपनीच्या बाजूने राउटरला मिळालेला आकडी आयपी पत्ता) बघायला सांगितला, १०० पासून सुरू होणारा निघाला, १००.६४ ते १००.१२७ मधला. हा पट्टा २०१२ मध्ये मुद्दाम यासाठीच वेगळा काढला, कारण जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते संपत आले, मग कंपन्या एकाच पत्त्यामागे भरपूर ग्राहक बसवतात. आपण बाहेर जाऊ शकतो, बाहेरचा आत येऊ शकत नाही. तोटी आहे पण दार नाही म्हणा. बहुतेकांना काही फरक पडत नाही, मान्य, पण ज्याला पडतो त्याला हे पैसे भरल्यावर कळतं.

कंपनीवाले म्हणतात टेक्निकल शब्द ग्राहकाला कळत नाहीत म्हणून करार सोपा ठेवतो. अहो, विलंब आकाराचं चक्रवाढ गणित आम्हाला कळतं आणि वायर कुठे संपते ते कळणार नाही होय? एक साधं चित्र छापा, पेटी, वायर, डबा, राउटर, आणि मधे एक जाड रेघ मारा. रेघ जिन्यात मारलीत तरी माझी हरकत नाही, मी कपाट जपून सरकवीन, पण मारा तरी.

मागच्या आठवड्यात नूतनीकरणाचा फॉर्म आला, यावेळी ओटीपी टाकला नाही. प्रिंट काढली, 'जागेपर्यंत' या शब्दाभोवती गोल केला, शेजारी 'जिन्यातली पेटी की कपाटामागचा डबा?' असं लिहून फोटो त्यांना मेल केला. काल उत्तर आलं, 'तुमची तक्रार सोडवली आहे'.

आपला,
एक वाचक