‘तन्नीन’ वाचायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
शालोम आणि सप्रेम नमस्कार.

तुम्ही माझ्यासाठी काढलेला वेळ आणि तुमची शिकवण्याची रीत चार लोकांना कळावी, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. ‘तन्नीन’ या हिब्रू शब्दाचा अर्थ मी विचारला होता. आजच्या हिब्रूत तन्नीन म्हणजे मगर, एवढं सांगून तुम्ही मोकळ्या झाला असतात तरी चाललं असतं. तुम्ही मात्र तनाख, म्हणजे ज्यूंचं हिब्रू बायबल, उघडून तो शब्द जिथे जिथे येतो तिथे मला नेलंत आणि ओळ न् ओळ आपल्या कोकणी बेने इस्राएल (मराठी बोलणाऱ्या ज्यू) घरातल्या मराठीत समजावलीत.

तनाखमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात मोशेच्या काठीचा होतो तो ‘नाहाश’, म्हणजे साप. सातव्या अध्यायात, फारोसमोर, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) राजासमोर, मोशेचा भाऊ अहरोन याच्या काठीचा होतो तन्नीन. असं का, हे मी विचारल्यावर तुम्ही यहेज्केलचा 29वा अध्याय पुढे केलात. तिथे मिसरच्या राजालाच नदीच्या फाट्यांमध्ये पसरलेला महातन्नीन म्हटलंय! (शब्दाचं शेवटचं अक्षर तिथे ‘न’ऐवजी ‘म’ आहे, हेही तुम्ही बोट ठेवून दाखवलंत.) अहरोनची काठी फारोच्या मांत्रिकांच्या काठ्या गिळते. यिर्मयाच्या 51व्या अध्यायात सियोन, म्हणजे यरुशलेम नगरी, आक्रोश करते की बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाने मला तन्नीनासारखं गिळलं. दोन्हीकडे ‘बाला’ हेच क्रियापद. त्या दिवशी मला रात्रभर झोप आली नाही.

सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामरा इथे 1929 मध्ये उत्खनन सुरू झालं. तिथे सापडलेल्या उगारित या प्राचीन नगराच्या मातीच्या पाट्यांत अनात देवी अशाच नावाच्या समुद्री राक्षसाला जेरबंद केल्याचं सांगते, हे तुमच्याकडूनच कळलं. यशयाच्या 27व्या आणि 51व्या अध्यायांत त्या युद्धाचे पडसाद आहेत. पण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात युद्ध नाहीच. तिथे देव मोठे तन्नीन निर्माण करतो, आणि त्यासाठी ‘बारा’ हे क्रियापद येतं, जे त्या अध्यायात या ओळीखेरीज आकाश-पृथ्वीसाठी आणि माणसासाठीच वापरलंय. 148व्या स्तोत्रात तर त्यांनाही देवाची स्तुती करायला बोलावलंय. समुद्राची भीती मनात असलेल्या लोकांनी हे लिहिलं, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि ईयोबाचं पुस्तक, जिथे दुःखात बुडालेला ईयोब देवाला विचारतो: “मी समुद्र आहे का, तन्नीन आहे का, की तू माझ्यावर पहारा बसवावास?” ही ओळ तुम्ही माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलीत, पुन्हा पुन्हा, आणि त्यावर एक शब्दही बोलला नाहीत. त्यासाठी विशेष आभार.

आता एक विनंती. विलापगीताच्या चौथ्या अध्यायात, तिसऱ्या ओळीत, लिहिलंय ‘तन्नीन’ पण परंपरेने वाचतात ‘तन्नीम’, म्हणजे कोल्हे, आणि ते आपल्या पिलांना पाजताहेत. पुढच्या वेळी ती ओळ घेऊ या का?

तुमची कृतज्ञ विद्यार्थिनी