आईला आत घेऊन जा

दादा,

आईला 'अल्सर आहे' सांगून तुम्ही गाठीच्या ऑपरेशनची तारीख घेतलीत, फॉर्मवर सही तूच करणार, डॉक्टर केबिनमध्ये तुझ्याशी बोलतायत आणि ती बाहेर बाकड्यावर रिपोर्टची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, हे वहिनीने सांगितल्यापासून डोकं फिरलंय माझं. अरे जी बाई अजून मंडईत जाऊन मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करते तिला स्वतःच्या पोटात काय आहे ते कळू नये?

तू म्हणतोस ती विसरते. विसरते म्हणजे ठरवता येत नाही असं थोडंच आहे. इथे इंग्लंडमध्ये 2005 चा मेंटल कपॅसिटी ॲक्ट आहे, त्याची सुरुवातच अशी की मोठ्या माणसाला निर्णय घेता येतो असंच धरून चालायचं, येत नाही हे दुसऱ्याने दाखवून द्यायचं. बघायचं एवढंच की सांगितलेलं कळतंय का, ठरेपर्यंत लक्षात राहतंय का, फायदातोटा तोलता येतोय का आणि आपलं म्हणणं, अगदी हात दाबून का होईना, सांगता येतंय का, आणि तेही त्या एका निर्णयापुरतं. आमच्या वॉर्डात डिमेन्शियाचे एक आजोबा होते, संध्याकाळी मुलीलाही ओळखायचे नाहीत पण सकाळी चहा झाला, कानात मशीन घातलं की एकदम बरे, मग डॉक्टर सकाळीच येऊन कागदावर चित्र काढून समजवायचे. आजोबा ऑपरेशनला नाही म्हणाले. मुलगी रडली, पण निर्णय आपल्याला वेडा वाटला म्हणून माणसाला अक्कल नाही असं धरायचं नाही, हेही कायद्यातच आहे.

आणि हे गोऱ्यांचं फॅड म्हणून सोडून देऊ नकोस. आपल्याच सुप्रीम कोर्टाचा 2008 चा निकाल आहे, बाई तपासणीसाठी भुलीत असताना तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरने गर्भाशय काढलं, कोर्टाने ती संमती धरलीच नाही, शुद्धीवर आल्यावर तिलाच विचारायचं होतं म्हणे.

ती खचेल ही भीती मलाही आहे रे. पण शौचासाठी पोटाला बाहेरून पिशवी लावावी लागू शकते असं डॉक्टर म्हणालेत ना, मग ते तिला काय शुद्धीवर आल्यावर पांघरूण बाजूला करून कळणार?

आधी एवढंच विचार, 'आई, सगळं सांगू का तुला?' नको म्हणाली तर तेही तिचंच. पण हो म्हणाली तर पुढच्या वेळी तिला आत ने, सही तिची घे, आणि ती ऑपरेशनला नाही म्हणाली तर तिला पटवायला मला फोन लावू नकोस.

तुझी,
छोटी